डोली मुराळी गेली

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मागाहून गैरसमज नको. मी पालखी नाही. पालखीत देव बसतो, तिच्यापुढे ढोल वाजतात, आणि वर्षातून एकदा मिरवून झालं की तिला कापडात गुंडाळून ठेवतात. मी आहे दवाखान्याची एक जुनी डोली. माझ्यात माणसं बसली, तीही तापाने फणफणलेली, कण्हणारी, काही तर माझ्याच अंगावर ओकणारी. ढोल कसला वाजतो, माझ्यापुढे महादूचा खोकला वाजायचा. पण पालखीच्या पाया पडणाऱ्यांनी मला नाकं मुरडू नयेत. अडल्या वेळी माझीच कड घट्ट धरली होती सगळ्यांनी, हे मला चांगलं आठवतं.

पिंगुळीच्या भिकाजी सुताराने मला घडवलं. फणसाच्या लाकडाची चौकट, बसायला वेताची वीण, चार कोपऱ्यांना काथ्याचे दोर आणि ते दोर अडकवायला वर माणग्याच्या बांबूचा लांब दांडा. भिकाजी तसा तिरसट माणूस, कुणाचं कौतुक करायचा नाही. पण काम झाल्यावर तो स्वतःच माझ्यात बसला, दोनदा हलून बघितलं आणि म्हणाला, "बरी झाली." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

मालवणच्या वेशीवर तेव्हा एक धर्मादाय दवाखाना नुकताच निघाला होता. मुंबईत नशीब काढलेल्या कुणा शेटजींनी तो आपल्या आईच्या नावाने बांधला होता. मोटार मालवणच्या बाजारापर्यंत यायची. तिथून पुढे वाळू, चिखल, शेतांचे बांध आणि खाडी. वाडीवाडीतला रोगी दवाखान्यात यायचा कसा, तर माझ्यात बसून. पुढचा खांदा महादूचा, मागचा लवूचा. महादू काटकुळा, बिडी ओढणारा, कमी बोलणारा. लवू धडधाकट, पण जरा चढ लागला की याला नेमकी तहान लागायची.

महादूची एक रीत होती आणि तिच्यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे. डोली उचलण्याआधी तो रोग्याला सांगायचा, "उचलतंव हां." खांदा भरून आला की अंगात आहे तेवढी ताकद असतानाच थांबायचा आणि सांगायचा, "ठेवतंव हां." मग मला अलगद जमिनीवर टेकायचा. बोलून ठेवल्याशिवाय कधी ठेवायचा नाही आणि दम संपेपर्यंत कधी ताणायचा नाही. आमच्याकडच्या सगळ्या भारवाहू माणसांची हीच चाल. डोली टेकण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. वाटेत वडाखाली, देवळाच्या पायरीशी टेकायच्या जागा ठरलेल्याच असायच्या.

एकदा आम्ही तारकर्लीहून एका बाईला आणलं. रुक्मिणी तिचं नाव. पोटात भलतंच दुखणं होतं. तिच्याबरोबर तिची मुलगी चालत होती, सुगंधा, शाळेत जाणारी, हाडं मोजून घ्यावीत अशी बारकी. सगळी वाट तिने माझी कड सोडली नाही. महादू "ठेवतंव हां" म्हणाला की तीही आईच्या कानाशी म्हणायची, "आये, ठेवतत हां." रुक्मिणी बरी झाली आणि आपल्या पायांनी चालत घरी गेली. त्या मधल्या दिवसांत सुगंधा आईच्या खाटेपाशी बसून दवाखान्यातल्या परिचारिकांकडे टकामका बघत होती. जाताना ती मला हात लावून महादूला म्हणाली, "मी पण हयसरच येतलंय, शिकान." शिकून इथेच यायचं होतं तिला. महादूने मान हलवली. पोरं असं पुष्कळ काही म्हणतात, असं त्याला वाटलं असावं. मला मात्र ते खरं वाटलं होतं.

आणि छप्पन्न साली ती खरंच आली.

दवाखान्याने त्या वर्षी परिचारिकांचं शिक्षण सुरू करायचं ठरवलं. सातवी फायनल झालेल्या दोन मुली घ्यायच्या, दवाखान्यातच ठेवून शिकवायच्या आणि मग कायमची नोकरी द्यायची. निवड करणार होत्या मुख्य परिचारिका हौसाबाई. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई साताऱ्याकडच्या, अंगाने भरभक्कम, पांढरं पातळ नेहमी कडक इस्त्रीचं. रोग्याचा ताप उतरेपर्यंत जागेवरून हलायच्या नाहीत, पण ते त्याला कळू मात्र द्यायच्या नाहीत. मालवणी त्यांना काही केल्या कळत नसे. महादू बोलला की त्या लवूकडे बघायच्या आणि लवू बोलला की महादूकडे. आमच्याकडच्या रीतीभातीही त्यांना कळायच्या नाहीत, आणि आपल्याला काही कळत नाही हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तरी माझा त्यांच्यावर जीव होता. तो कसा जडला, ते मलाही सांगता येणार नाही.

त्या दिवशी ओसरीवर मुलींची रांग लागली. सुगंधाही होती, धुतलेलं हिरवं पातळ नेसून, वेणीत अबोली माळून. तिचे वडील दाजी फाटकाबाहेर सुरूच्या झाडाखाली बसले होते. दाजी म्हणजे तारकर्लीतले सरळ आणि मानी गृहस्थ, थोडी माडांची बाग आणि रापणीच्या मासेमारीत वाटा असलेले. मुलीला शिकायला पाठवतोय म्हणून वाडीत चार तोंडं बोलत होती. त्या सगळ्यांना त्यांनी एकच उत्तर दिलं होतं की मुलीची आई याच दवाखान्याने परत दिली आहे.

लिहिणं, वाचणं, हिशेब झाला. सुगंधा सगळ्यांत पास. मग हौसाबाईंनी आपली खास परीक्षा काढली. त्या स्वतः येऊन माझ्यात बसल्या. माझे चारही दोर कुरकुरले, मी कसाबसा आब राखला. बाई म्हणाल्या, "दोघीदोघींनी मला उचलायचं आणि पायरीपासून विहिरीपर्यंत न्यायचं. रोगी उचलता आला नाही तर नर्स होऊन काय उपयोग?"

सुगंधाची जोडी लागली लक्ष्मी नावाच्या मुलीशी. लक्ष्मी कणकवलीकडची, उंचनिंच, रोज भाताची टोपली डोक्यावर वाहणारी. लक्ष्मी पुढे, सुगंधा मागे. "उचलतंव हां," सुगंधा म्हणाली आणि आम्ही निघालो. अर्ध्या अंगणापर्यंत ठीक गेलो. मग मागच्या दांड्याला थरथर लागली. माझ्या अंगात ती पार दोरांपर्यंत येत होती. सुगंधाने दात आवळले, आणखी थोडी पुढे आली आणि म्हणाली, "ठेवतंय हां बाई." लक्ष्मीला थांबवून तिने मला खाली ठेवलं. कसं, तर तुळशीपुढे दिवा ठेवावा तसं. बाईंच्या पातळाची घडीसुद्धा मोडली नाही.

पण हौसाबाईंचा चेहरा उतरला. "अर्ध्यात ठेवलंस?"

"फुडे न्हेलंय असतंय तर तुमका पाडलंय असतंय," सुगंधा म्हणाली. मग आपण कुणाशी बोलतोय ते आठवून तिने शुद्ध भाषेत पुन्हा सांगितलं, "हात सुटले असते बाई. म्हणून ठेवलं."

"रोगी अर्ध्या वाटेत ठेवणारी मुलगी मला नको," बाई म्हणाल्या. "अंगात ताकद नाही तुझ्या. घरी जा."

सुगंधा रडली नाही. तिने माझ्या चौकटीवरून एकदा हात फिरवला, बाईंना नमस्कार केला आणि फाटकाकडे गेली. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते. दाजी उठले, त्यांनी मुलीच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. बापलेक वाळूच्या वाटेने दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले.

लक्ष्मीची निवड झाली आणि आणखी एका मुलीची. ती दुसरी मुलगी दिवाळीत घरी गेली ती मुंबईकर नवऱ्याशी लग्न होऊन पुढे परस्पर मुंबईलाच. जागा रिकामी पडली. ओसरीवर रोज चर्चा व्हायची. लवूचं मत होतं की नव्या मुली बघाव्यात. "एकदा नाय म्हटलेल्याक परत कोण बोलवता?" तो म्हणायचा. डॉक्टरसाहेबांनाही तसंच वाटायचं. आज ज्याला नको म्हटलं त्याला उद्या ये म्हणणं म्हणजे आपणच खोटं ठरणं, असं सगळीकडचे साहेबलोक मानतात.

मग लक्ष्मीच्या हातून ती गोष्ट घडली. एका म्हाताऱ्या आजोबांना माझ्यात बसवून पायऱ्यांवरून वर न्यायचं होतं. महादू तापाने पडला होता, म्हणून पुढचा खांदा लक्ष्मीने घेतला. पोरगी सकाळपासून राबत होती. तिसऱ्या पायरीवर तिचे हात गेले हे मला कळलं, आणि तिलाही कळलं. तरी ती थांबेना. ओठ चावून वर चढत राहिली आणि शेवटच्या पायरीवर दांडा सुटला. मी आडवी झाले, आजोबा कोसळले. देवाची कृपा, हाड शाबूत राहिलं, खांद्याला मुका मार बसला आणि माझी एक पट्टी तडकली.

हौसाबाई धावत आल्या. आजोबांना खाटेवर नेलं, औषधपाणी केलं आणि मग त्या लक्ष्मीकडे वळल्या. "हात भरून आले होते तर खाली का नाही ठेवलीस?"

लक्ष्मी हुंदके देत होती. ती म्हणाली, "बाई, खाली ठेवली असती तर मलाही घरी पाठवलं असतं ना? तिने ठेवली, तिला पाठवलंत."

बाई माझ्या तडकलेल्या पट्टीशेजारी पायरीवर बसल्या. लक्ष्मीला त्यांनी शिक्षा केली नाही. उलट तिला जवळ बसवून म्हणाल्या, "चूक तुझी नाही. न ठेवायला तुम्हाला मीच शिकवलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरसाहेबांना सांगितलं की रिकाम्या जागेवर तारकर्लीची सुगंधा येईल, दुसरी कुणी नको.

लवूला निरोप घेऊन पाठवलं. लवू गेला, आला, माझ्याशेजारी टेकला आणि हकीकत सांगितली. "दाजींनी गूळपाणी दिल्यानी. निरोप आयकान घेतल्यानी. बरा, म्हणाले."

"मग मुलगी कधी येणार?" बाईंनी विचारलं.

"तां काय बोलाक नाय."

आठवडा गेला, सुगंधा आली नाही. बाईंनी लवूला पुन्हा पाठवलं. या खेपेला त्याला चहा मिळाला आणि पुन्हा एक "बरा" मिळाला. शिवाय तो एक बातमी घेऊन आला. सुगंधाला स्थळ आलं होतं. मुलगा मुंबईला गोदीत होता, शिमग्याला गावी येणार होता, आला की सुपारी फुटणार. शिमगा तर तोंडावर आला होता.

हे ऐकल्यावर हौसाबाई चिडल्या. "दोनदा बोलावलं. नको असेल तर नको म्हणावं माणसाने. मी काय आता पाया पडू?" पण आवाजात राग कमी आणि धास्ती जास्त होती. त्या वेताच्या खुर्चीत बसल्या आणि सुजलेला गुडघा चोळू लागल्या. संधिवाताने तो गुडघा पार धरला होता.

महादू नुकताच तापातून उठला होता. तो खांबाला टेकून सगळं ऐकत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तो इतके दिवस बोलला नव्हता, असा आमचा महादू. आता तो खोकला आणि म्हणाला, "बाई, निरोप गेलो, पण बोलावणा खंय गेला?"

बाईंनी लवूकडे बघितलं. लवूने भाषांतर केलं, तरी बाईंना कळेना. मग महादूने शक्य तेवढ्या शुद्ध भाषेत समजावलं. तो म्हणाला, "बाई, आमच्याकडे लग्न झालेली चेडू सणाला माहेरी येते ती आपली आपण येत नाय. भाऊ नायतर काका तिला आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाय तर ती दारात उभी राहून वाट बघेल, पण पाऊल टाकणार नाय. आणि जिला त्याच दारातून परत पाठवली, तिला तर घरच्या वडीलधाऱ्यानेच जावं लागतं. लवूसारख्याला धाडून चालत नाय."

"माझ्यात काय वायट आसा?" लवू म्हणाला.

"अरे पण ही नोकरी आहे," बाई म्हणाल्या. "माहेर-सासर आहे का हे?"

महादूने खांदे उडवले. "तिची आवय हयसर परत जगली. तिका माहेरच वाटता ह्या." एवढं बोलून तो बिडी शोधायला गेला.

बाई रात्रभर काय विचार करत होत्या मला ठाऊक नाही. सकाळी त्या इस्त्रीचं पातळ नेसून ओसरीवर आल्या, माझ्याकडे बोट केलं आणि महादूला म्हणाल्या, "काढ हिला. चालवत नाही मला, नाहीतर पायी आले असते."

मित्रांनो, त्या दिवसाचा माझा तोरा काय सांगू. माझी तडकलेली पट्टी नुकतीच बदलली होती. इतकी वर्षं मी वाडीवरून दवाखान्यात माणसं आणली, त्या दिवशी पहिल्यांदा दवाखाना माझ्यात बसून वाडीवर निघाला. बाजारातून जाताना दुकानादुकानांतून माना बाहेर आल्या. "मोठ्या बाईंक काय झाला?" जो तो विचारी. बाई लाजेने लालबुंद होऊन पदराआड तोंड लपवत होत्या. महादू मात्र बिनदिक्कत सांगत होता, "मुराळी चललंव तारकर्लेक." एका दुकानापुढे त्याने मला टेकलं आणि बाईंना उतरून खाजा घ्यायला लावला. बेसनाच्या कुरकुरीत काड्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या, वर आल्याचा झणका. मुराळी रिकाम्या हाताने जात नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंनी मुकाट्याने पुडा बांधून घेतला.

पुढची वाट माडांच्या बनातून, पायाखाली मऊ वाळू. पावलं रुतायची, लवूला तहान लागायची. दर थोड्या वेळाने महादू म्हणायचा, "ठेवतंव हां बाई," आणि मला टेकायचा. दुसऱ्या वेळी बाईंनी पुढे वाकून विचारलं, "महादू, हे असं ठेवणं तिने तुझ्याकडून उचललं होय?"

"आवशीच्या बरोबर चलत इल्ली ना," महादू म्हणाला. "तेवां आयकला असतला." आईबरोबर चालत आली होती तेव्हा, असं लवूने बाईंना उलगडून सांगितलं.

दाजींचं घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं खळं. दाजी जाळं विणत बसले होते. डोली बघून आधी घाबरले, कुणी आजारी म्हणून. मग आत बसलेली बाई ओळखली आणि उठून उभे राहिले. पाट आला, गूळपाणी आलं. बाई पाटावर बसू शकत नव्हत्या, तेव्हा त्या माझ्यातच बसून राहिल्या. म्हणून तर मला पुढचं सगळं अगदी जवळून ऐकायला मिळालं.

दाजी साहेबलोकांशी बोलतात तशा शुद्ध भाषेत म्हणाले, "बाई, तुम्ही इथवर आलात, आनंद झाला. पण माझी मुलगी तुमच्या अंगणातून परत आली ते सगळ्या वाडीने बघितलं. तुमचा गडी येऊन निरोप सांगून गेला, तो फक्त मी ऐकला. गड्याच्या शब्दावर तिला पाठवली आणि पुन्हा परत आली, तर मी कुणाला तोंड दाखवू? स्थळाच्या लोकांना मी शिमग्यापर्यंत थांबा म्हटलंय, ते कशासाठी? तुम्ही येताय का तेवढंच बघत होतो."

शेजारपाजारच्या बाया एव्हाना कुंपणाशी जमल्या होत्या. हौसाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मुद्दाम मोठ्याने बोलल्या. "दाजी, मी हिला नाही म्हटलं, ते माझं चुकलं. ते चारचौघांत झालं, म्हणून चारचौघांत सांगायला मीच आले. मुलीला न्यायला आले आहे मी." असं म्हणून त्यांनी खाज्याचा पुडा पुढे केला.

सुगंधा दारात उभी होती. तिने पुडा घेतला नाही. ती घाबरत घाबरत म्हणाली, "बाई, माझ्यानं तुम्हाला अजूनही विहिरीपर्यंत नेणं होणार नाही."

"होणार नाही तेव्हा खाली ठेवशील ना?"

"ठेवीन."

"सांगून ठेवशील?"

"सांगून ठेवीन."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "ताकद काय, माझ्या हातचं जेवलीस की येईल. बाकीचं शिकवता येत नाही मला, ते तुझ्यात आहेच."

दाजींनी बायकोकडे बघितलं. रुक्मिणी आत गेली आणि कापडाचं बांधलेलं गाठोडं घेऊन बाहेर आली. ते तिने माझ्या पायाशी ठेवलं. "पयलो निरोप इलो त्याच दिवशी बांधून ठेवल्यान हा," ती बाईंना म्हणाली. "रोज सोडता, उन्हात घालता आणि परत बांधता." सुगंधाने लाजून खाली मान घातली. मोठ्या बाई, ज्यांना आम्ही कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या पदराने डोळे पुसू लागल्या. मला तर वाटलं, माझ्या वेताला पाझर फुटेल. स्थळाच्या लोकांना दाजींनी दुसऱ्याच दिवशी नारळ देऊन नम्रपणे नकार कळवला.

सुगंधा शिकली, पास झाली, दवाखान्यातच कायम झाली. लक्ष्मी आणि ती जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. रोज माझ्यावरून ओला फडका फिरायचा आणि दिवाळीला तेलाचा हात. रोगी म्हणायचे, "डोली काय लोण्यासारखी चालता." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पुढे नव्या मुली निवडायचं काम सुगंधाकडे आलं. तीही कुणाकुणाला नाही म्हणायची, म्हणावंच लागतं. पण नंतर जागा निघाली आणि त्यांतली एखादी योग्य वाटली, तर सुगंधा खाज्याचा पुडा घेऊन स्वतः तिच्या दारात जायची. अशा बोलावून आणलेल्या मुली दवाखान्यात पुष्कळ झाल्या.

मग रस्ते आले, ओढ्यांवर साकव आले आणि दवाखान्याला जीप मिळाली. जीपला हार घातला, नारळ फोडला. मी कोपऱ्यातून बघत होते. कुणी मला टाकून दे म्हणालं नाही, पण कुणी बोलावलंही नाही. एक दिवस लवूने मला माळ्यावर नेऊन ठेवलं. तिथे फुटके दिवे आणि मोडक्या खाटा. एक कोंबडी माझ्या वेताच्या विणीत अंडी घालू लागली. तिचीच काय ती सोबत. खाली कुणाची हाक ऐकू आली की मी कान टवकारायचे आणि ती हाक नेहमी जीपलाच असायची. नाही म्हटलेल्याला परत कोण बोलावतं, हे लवूचं बोलणं मला तेव्हा फार आठवायचं.

हौसाबाई सेवेतून मोकळ्या झाल्या ते साल अडुसष्ट. साताऱ्याला भाच्याकडे जायच्या आधीच त्या घसरून पडल्या आणि कमरेतून अधू झाल्या. जीप फाटकाशी उभी होती. खोलीपासून फाटकापर्यंत अंगण ओलांडायचं होतं. झोपवून न्यायचं नवं स्ट्रेचर आणलं तर बाई भडकल्या. "आडवी होऊन जायला मी काय मेले आहे? बसून जाईन."

सकाळची वेळ होती. माळ्याच्या शिडीवर पावलं वाजली. लवूला पाठवता आलं असतं, पण सुगंधा स्वतः आली. आता ती भरल्या अंगाची, कपाळावर चष्मा चढवलेली मोठी परिचारिका होती. तिने कोंबडीला हळूच उठवलं, माझ्यावरची जळमटं पदराने पुसली आणि म्हणाली, "चल गो. तुका न्हेवक इलंय."

मित्रांनो, अशा वेळी माणसांना काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचा खांदा महादूनेच घेतला. पांढरेशुभ्र केस, छातीचा भाता झालेला, पण कुणाचं ऐकेना. मागे सुगंधा. "उचलतंव हां," महादू म्हणाला. बाई माझ्यात बसल्या, पूर्वीपेक्षा कितीतरी हलक्या. आम्ही पायरी उतरलो आणि अंगणातून निघालो. मागच्या दांड्याला या वेळी जराही थरथर नव्हती. सुगंधाने ठरवलं असतं तर फाटकच काय, थेट बाजारापर्यंत गेली असती. पण पुढचा दांडा डुगडुगू लागला. महादूचा श्वास मला ऐकू येत होता. तो काही बोलला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याने "ठेवतंव" म्हणवत नव्हतं.

अर्ध्या अंगणात, त्याच जागी, सुगंधा म्हणाली, "ठेवतंय हां बाई." आणि आम्ही अलगद टेकलो.

"का गं," हौसाबाईंनी विचारलं, "अजून जमत नाही होय?"

"नाय जमत बाई," सुगंधा म्हणाली. "हात भरून इले."

बाईंचं तोंड पुढच्या बाजूला होतं. समोर महादूची पाठ वरखाली होत होती, ती त्यांना दिसत होती. त्या क्षणभर तिकडे बघत राहिल्या. मग हात मागे नेऊन त्यांनी चाचपडत सुगंधाचा हात शोधला आणि म्हणाल्या, "ठेवलीस ते बरं केलंस." महादूचा दम परत येईपर्यंत आम्ही सगळे तिथे थांबलो. जीपवाल्याने भोंगा वाजवला, पण त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

त्यानंतर मी माळ्यावर गेले नाही. ओसरीच्या भिंतीवर सुगंधाने मला टांगून ठेवलं आहे, नव्या मुली रांगेत बसतात तिथेच. कोंबडी अधूनमधून खालून माझ्याकडे बघते. मला एवढंच सांगायचं आहे की आम्हां जुन्या वस्तूंना आणि माणसांना दम लागला तर जरा टेकू द्या. कुणाला दारातून परत पाठवायची वेळ आलीच, तर त्याचं घर कुठे आहे ते विचारून ठेवा. कधीतरी तुम्हालाच तिथे जावं लागेल. आणि जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका, मालवणच्या बाजारात खाजा फार चांगला मिळतो.